क्लिक झाला की खाऊ द्यायचाच

“थाप उशिरा पडली ना गो, की राजा एकटो पडता.”

हा आवाज केतकीच्या कानात पार लहानपणापासून होता. तिचे बाबा दशावताराच्या कंपनीत मृदंग वाजवायचे. दुपारचे ओटीवर बसून ते तिला सांगत, राजा गर्रकन वळतो, पाय आपटतो, आणि थाप नेमकी त्या पावलावर पडली तर बघणाऱ्याला वाटतं धरणी हादरली. केसभर उशीर झाला, तर तोच राजा ठेच लागलेला माणूस दिसतो. बाबा गेले, मृदंगाला वाळवी लागली, कंपनीही मोडली. आवाज तेवढा राहिला. पुढे केतकीने कुत्र्यांना शिकवण्याचं काम धरलं, तेव्हा तोच तिच्या कामी आला.

कारण कुत्र्याला शिकवणं म्हणजे थाप जागेवर पाडणं. मुठीत मावणारी एक डबी असते, दाबली की ‘क्लिक’ वाजते. नवशिक्या कुत्र्याकडून पहिल्या धड्यात काहीच मागायचं नाही. क्लिक, की खाऊ. क्लिक, की खाऊ. हा आवाज आला म्हणजे आपल्याला मिळणार, हे त्याच्या हाडात मुरेपर्यंत एवढंच. मग कुत्रं बसलं, की टेकता क्षणी क्लिक. उशीर केला तर तोवर ते मान वळवतं, आणि शिकतं मान वळवायला. त्यात त्याचा दोष नसतो. जागा शांत हवी, तुकडा हरभऱ्याएवढा हवा, एका वेळी एकच गोष्ट शिकवायची, आणि त्याला अजून खेळायचं असतानाच धडा आटपता घ्यायचा. या सगळ्यावरचा नियम म्हणजे, क्लिक झाला की खाऊ द्यायचाच. चुकून वाजला तरी. तो आवाज एकदा खोटा पडला, की कुत्रं माणसाकडे बघताना विचार करायला लागतं.

ही गोष्ट घडली त्या काळात देवगडच्या कातळावर उन्हाळा पूर्वीपेक्षा लवकर यायचा आणि मुक्काम वाढवायचा. हापूस झाडावर असतानाच आतून भाजून निघे. वरून बघाल तर सोनं, आणि कापलात तर बाठीजवळ पांढरट, भुसभुशीत, आंबूस गर. यालाच साका म्हणतात. साका पूर्वीही होता, पण शेकड्यात थोडा. आता तो पेटीपेटीत निघू लागला, आणि परदेशातल्या बाजारांनी नियमच केला की एक आंबा साक्याचा निघाला तर सगळा माल परत. आंब्याच्या पोटात डोकावणारी यंत्रं आली. जुना साका ती पकडायची, नुकता धरलेला सोडून द्यायची. कुत्र्याचं नाक मात्र सोडत नसे. गर बिघडू लागला की सालीतून एक बारीकसा वास झिरपतो. माणसाच्या नाकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

हर्षद घाडीच्या पॅकहाऊसमध्ये त्यासाठी गावठी कुत्री शिकवली जात. शिकवणारी केतकी, त्याची बायको. लग्नानंतरही ती गोव्याच्या विमानतळावर श्वानपथकात होती, आणि सुटी मिळेल तशी देवगडला यायची. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि कुणी न सांगता ती नोकरी सोडून आली. हर्षद ‘ये’ म्हणाला नाही, ‘नको’ही म्हणाला नाही. तो बोलण्यातला माणूसच नव्हता. फक्त तिची पेटी त्याने स्वतः माडीवर नेली होती. सासूबाईंची उठबस, औषधं, पथ्य यात तिची काही वर्षं गेली, आणि मागच्या आषाढात त्या गेल्या.

या हंगामात कामावर खूणपट्टी आली होती. कपाळाला बांधायची ही कापडी पट्टी, आतून बारीक बारीक टिकल्या लावलेली. माणूस एखाद्या गोष्टीवर डोळा लावून बसलेला असतो आणि ती घडते, तेव्हा त्याच्या मेंदूत एक लहर उठते. त्यानंतर हात हलतो, डबी दाबली जाते, आवाज होतो. या हाताच्या वाटेवरच सगळा उशीर होतो. पट्टीने हातालाच रजा दिली. लहर उठली की खोलीतल्या कर्ण्यातून क्लिक. पूर्वी महिनाभर लागायचा तो धडा कुत्री आठवड्यात शिकू लागली.

एक खबरदारी मात्र घ्यावी लागे. कुत्र्यासोबत फिरणाऱ्याला बिघडलेला आंबा कुठला हे ठाऊक नसावं. ठाऊक असलं की त्या पेटीपाशी त्याचा श्वास थबकतो, आणि कुत्रं आंबा न हुंगता माणूसच हुंगतं. म्हणून केतकी कुत्र्याला घेऊन पेट्यांच्या रांगेतून चाले, आणि हर्षद जाळीच्या पडद्यामागे पट्टी बांधून बसे. आंबे त्यानेच मांडलेले असत. पट्टी जुळवायला दिवस लागतात, ती एकदा त्याच्या डोक्याशी जुळली ती जुळली.

त्या दिवशी धड्याला मिरी होती. काळी, अंगाने बारीक, बंदरावर उचललेली. मासळीच्या टोपल्यांमध्ये लाथा खाऊन मोठी झालेली, त्यामुळे माणसाचा हात वर गेला की ती जमिनीशी सपाट व्हायची. पण नाक असं, की केतकीने आजवर तसं पाहिलं नव्हतं. दोन फेऱ्या झाल्या. दोन्ही वेळा मिरी नेमक्या पेटीपाशी बसली, क्लिक झाला, कलेजीचा तुकडा मिळाला. तिसरी मांडणी व्हायची होती. मिरी चटईवर उभी होती, एक पंजा अधांतरी, पुढे काय या विचारात.

केतकी कलेजीची वाटी पुसत म्हणाली, “रॉटरडॅमच्या बंदरावरून बोलावणं आलंय मला. फळांसाठी कुत्री तयार करायची आहेत. दोन वर्षांचं काम आहे.”

क्लिक.

खोलीत दुसरं काहीच घडलं नव्हतं. मिरीने मान वर केली. केतकीचा हात सवयीने वाटीत गेला आणि तिने तुकडा दिला. नियम तो नियम.

जाळीमागून थोड्या वेळाने आवाज आला, “बरं.”

“ऑगस्टमध्ये जायचं.”

“बरं. तिसरी रांग लावू ना?”

केतकी ‘लाव’ म्हणाली. तिने आयुष्यात हजारो क्लिक ऐकले होते आणि प्रत्येकाचा अर्थ एकच होता, होय, हेच हवं होतं. दुसरा अर्थ तिच्या कानाला शिकवलेलाच नव्हता. एखाद्या शिक्षिकेने किंवा शिंपिणीने त्या आवाजाकडे लक्षही दिलं नसतं. केतकीने तो नवऱ्याचा कौल म्हणून घेतला.

तिला दुःख व्हायला हवं होतं, ते झालंही. पण त्याच्या आड थोडं सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याचीच तिला लाज वाटली. कारण बोलावणं आलं हे खरं असलं तरी ते आपणहून आलं नव्हतं. रॉटरडॅमला तिने स्वतः लिहिलं होतं, सासूबाईंच्या दिवसांत, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, माडीवर बसून. तिकडून उत्तर आलं नाही तेव्हा पुन्हा लिहिलं. हे तिने हर्षदला सांगितलं नव्हतं. ‘बोलावलं’ म्हटलं की जाणं दुसऱ्याच्या अंगावर राहतं. आता हर्षदचाही होकार मिळाला, म्हणजे तिला स्वतःला काही म्हणायचं उरलंच नाही.

पण होकार पक्का आहे का, हे तिला बघायचं होतं. विचारायचं सोडून तिने तिला येत होतं तेच केलं. धडे लावले.

पद्धत ठरलेलीच होती. जागा शांत. मिरीच्या दोन फेऱ्यांमधला वेळ. एका वेळी एकच वाक्य, हरभऱ्याएवढं. आणि हर्षद पुढे काही बोलेल असं वाटायला लागलं की तिथेच थांबायचं.

“माडीवरच्या खोलीत हापूसच्या पेट्या ठेवता येतील मग तुला.”

कर्णा वाजला नाही.

“तिकडे थंडी फार असते म्हणे.”

शांतता.

“मिरीला तुझी सवय झालीय, तिला इथेच ठेवीन.”

काही नाही. तिला बरं वाटू लागलं होतं. पट्टीचं काहीतरी चुकलं असेल, एखादी टिकली सुटली असेल. मग एका सकाळी, मिरी पुन्हा चटईवर पंजा उचलून उभी असताना, तिने जरा मोठा तुकडा टाकला.

“कदाचित दोन वर्षांनीही परत येणं होणार नाही माझं.”

क्लिक. लख्ख, जागेवर पडलेला.

केतकीने मिरीला खाऊ दिला. मिरीने तिची बोटंही चाटून घेतली. जाळीमागे हर्षद आंबा उलटा-सुलटा करत होता. पुढची रांग त्याने चुकीची लावली आणि मग स्वतःच येऊन नीट केली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

प्रतवारीच्या टेबलावर वासंतीकाकी बसायच्या. हात आंब्यांवर, तोंड जगावर. आंबा फिरवता फिरवता त्या जुन्या चालीवर आपलं काहीबाही जुळवून गात.

*सोन्याचा गं माझा आंबा, तळहाती तोलियेला*
*पोटातला पांढरेपणा, त्यानं कुणा ना बोलियेला*

केतकी बाजूला येऊन बसली तशी गाणं थांबलं.

“काय गो, तोंड कित्याक पाडलंस?”

“काही नाही काकी. उकडतंय.”

“उकाडो आमकाय आसा. आमची तोंडां बघ कशी हसतत.” काकींनी एक आंबा नाकाशी नेला आणि बाजूला ठेवला. “परदेशात जातंस म्हणान कळला. घोव काय म्हणता?”

“त्याला चालेल.”

“तो म्हणालो असा?”

केतकीने समोरचा आंबा उचलून उगाच पुसला.

“तुमचां लगीन म्हणजे त्या कुत्र्याचो खेळ. एक जाळयेमागे गप, एक वाटी घेवन उभी.” काकी खुदकन हसल्या. “तोंड आसा मां तुका? मगे विचार त्याका.”

विचारायची वेळ मिरीने आणली.

तिने नवंच काढलं होतं. पेटीपाशी जायची, आंबा हुंगायची, आणि बसायच्या आधी उजवा पंजा हवेत धरून कर्ण्याकडे बघत राहायची. कधी चांगल्या आंब्यासमोरही. केतकीच्या कामाचा नमुना म्हणून रॉटरडॅमला मिरीच्या चाचणीचं चित्रण पाठवायचं होतं, त्याच्या सरावात ती धडाधड चुकली. पट्टी बनवणाऱ्यांना कळवलं तशी पुण्याहून एक इंजिनियर आली. अफ्रीन बागवान. वयाने लहान, पाठीवर मोठी पिशवी, आणि येताच मिरीसमोर बाजूला तोंड करून फतकल मारून बसली. बिचकणाऱ्या कुत्र्यापाशी असंच बसतात, म्हणून ती केतकीला आवडली.

हर्षद गाडीत माल भरायला गेला होता. अफ्रीनने पट्टी तपासली, टिकल्या एकेक दाबून पाहिल्या.

“ताई, पट्टी ठणठणीत आहे. कुत्रीही हुशार आहे. तिने पंजा उचललेला असताना कधीतरी क्लिक झालाय आणि खाऊ मिळालाय, एकदा नाही, जास्त वेळा. आंबा समोर नसताना वाजली होती का कधी?”

केतकीने खिडकीबाहेर पाहिलं. “दोनदा.”

“तेव्हा काय चाललं होतं?”

“बोलत होतो आम्ही. म्हणजे, मी बोलत होते.”

“काय ते विचारत नाही,” अफ्रीन पटकन म्हणाली. “पण दादांच्या मनात होतं तेच तुम्ही बोलल्या असाल.”

“त्याला हवं होतं ते.”

“हवं होतं असंच काही नाही.”

“क्लिक झाला ना! क्लिक म्हणजे होय.”

“कुत्र्यासाठी होय.” अफ्रीनने पट्टी मांडीवर सरळ केली. “माणसाच्या डोक्यात ती लहर आनंदाची नसते, ताई. ज्याच्यासाठी जीव टांगून ठेवलेला असतो ते समोर आलं, एवढंच ती सांगते. धड्यात दादा फक्त मिरीच्या बसण्यावर डोळा ठेवून असतात, म्हणून तिथे वाट बघणं आणि हवं असणं एकच होऊन जातं. बाहेर तसं नसतं. माझ्या अब्बूंचं ऑपरेशन चालू होतं, आम्ही बाहेर बसलो होतो. डॉक्टरांनी दार उघडून आमचं नाव घेतलं, तेव्हा ही पट्टी माझ्या कपाळाला असती तर वाजली असती. चांगलं सांगायला आलेत की वाईट, ते कळायच्या आधीच.”

अफ्रीनने तिला सांगितलं की काही दिवस पट्टी बाजूला ठेवा, हातातली डबी घ्या, मिरीला पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरू करा. जायच्या आधी तिने दोन आंबे मागून घेतले, साका नसलेले, असं बजावून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅकहाऊस उघडायच्या आधी केतकी आणि हर्षद धड्याच्या खोलीत आले. जाळी गुंडाळून वर बांधलेली होती. मिरी चटईवर. हर्षद तिच्यासमोर मांडी घालून बसला होता, हातात डबी. डबीची त्याला सवय नव्हती, ती त्याच्या मोठ्या पंजात हरवली होती. केतकी वाटी घेऊन बाजूला बसली. काही मागायचं नव्हतं. क्लिक, की खाऊ.

काही वेळ तसंच चाललं. मिरीचे कान सैलावले.

“हर्षद,” केतकी म्हणाली, “तू कशाची वाट बघत होतास?”

डबी त्याच्या हातात आपोआप वाजली. मिरीला तुकडा मिळाला.

“कसली वाट?”

“मी रॉटरडॅमचं सांगितलं तेव्हा पट्टी वाजली. परत येणार नाही म्हटलं तेव्हाही वाजली. मला वाटलं, तुला तेच हवंय. अफ्रीन म्हणते, तसं नसतं. ज्याची वाट बघतो तेव्हा वाजते.”

तो मिरीकडे बघत राहिला. अंगठा नुसताच डबीवर फिरत होता, आणि त्या नादात ती पुन्हा वाजली. केतकीने खाऊ दिला.

“ठेव ती खाली. नाहीतर तिचं पोट बिघडेल.”

हर्षदने डबी जमिनीवर ठेवली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर घेतले. हात रिकामे झाल्यावर त्याला बोलणं भाग पडलं असावं.

“तू जाशील याची.”

“कधीपासून?”

“आई गेली तेव्हापासून. रोज सकाळी तू चहा गाळायला लागलीस की वाटायचं, आज सांगणार. चहा झाला, बोलली नाहीस, की दिवस सुटल्यासारखा वाटायचा. मग दुसरी सकाळ.”

“आणि सांगितलं तेव्हा ‘बरं’ म्हणालास.”

“मग काय म्हणू? तू आईसाठी आलीस. मी बोलावलं पण नव्हतं. आई होती तोवर तू इथे का आहेस हे विचारायला लागायचं नाही. ती गेली, आता माझ्यासाठी राहा असं कुठल्या तोंडाने म्हणू?” तो थांबला. मिरी त्याच्या गुडघ्यापाशी सरकली होती. कुणी काही शिकवत नसताना आपणहून. त्याने तिच्या मानेवर हात ठेवला, आणि ती सपाट झाली नाही.

“पण मी एक धरून बसलो होतो,” तो म्हणाला. “तू म्हणालीस, त्यांनी बोलावलं. म्हणजे तू गेली नव्हतीस मागायला. कुणी बोलावलं तर माणूस विचार करतो, जाऊ की नको. म्हटलं, तिचं अजून ठरलं नसेल. मी नको म्हटलं तर थांबेलही. रोज ठरवायचो, आज म्हणतो. त्यांनी बोलावलंय, तिने मागितलेलं नाही, एवढ्या एका गोष्टीवर आजपर्यंत तग धरलाय.” त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. “जाऊ नकोस, केतकी.”

बाहेर आंब्यांची पहिली गाडी येऊन थांबली. कुणीतरी फळी पाडली, कुणीतरी कुणाला शिवी दिली.

सोपी वाट समोरच होती. त्यांना ‘नाही’ म्हणून कळवते, असं म्हणायचं, ते दुसऱ्या कुणाला बोलावतील. हर्षदचा चेहरा उजळला असता, गाडी उतरवून घेतली असती, संध्याकाळी दोघं बंदरावर गेली असती. आणि ज्यावर तो तग धरून होता ते त्या घरात तसंच राहिलं असतं, वरून पिवळं. केतकीने वाटी खाली ठेवली.

“मला कुणी बोलावलं नाही, हर्षद. मी लिहिलं होतं त्यांना. आईंचं तेरावं व्हायच्या आधी. त्यांनी उत्तर दिलं नाही म्हणून पुन्हा लिहिलं.” ती त्याच्यासमोर सरकून बसली. “तू मला हवा आहेस, आणि तरीही मला जायचंय.”